शालीकराम बॅटरीवाल्याचा अंदाज

कामठ्याच्या आसपासच्या गावांत एके काळी अशी रीत पडली होती, की पंगतीत शालीकराम बॅटरीवाला बसला असेल तर कोणी दुसऱ्यांदा पाणी मागायचं नाही. घास अडकला तरी चालेल, मिरचीने नाकातोंडातून पाणी आलं तरी चालेल, पण वाढप्याला हाक मारायची नाही. चांगले धट्टेकट्टे, नांगर ओढतील असे गडी ठसकत बसायचे आणि शालीकराम पत्रावळीवरची मान वर करून ओळीवरून शांतपणे नजर फिरवायचा. मला या प्रकाराची सुरुवातीला फार गंमत वाटे. पुढे वाटेनाशी झाली.

बॅटरीवाला म्हणजे हातातली टॉर्च विकणारा नव्हे. शालीकराम बिसेन विमानाच्या बॅटऱ्या तपासायचा. गोऱ्यांनी लढाईच्या दिवसांत गोंदियाजवळच्या बिरसीला धावपट्टी बांधली आणि स्वराज्य येता येता तिच्यावर गुरं चरायला सोडून निघून गेले. तीन-चार वर्षांनी नागपूरच्या एका शेठची कंपनी तिथे आली. लढाईतून उरलेलं दोन इंजिनांचं एक विमान, जंगलाची मोजणी करणाऱ्या साहेबांना आणि घाईतल्या व्यापाऱ्यांना भाड्याने द्यायचं, असा तो धंदा. मी इंजिनाच्या कामावर लागलो. शालीकराम लढाईत आसामकडच्या कुठल्याशा डेपोत बॅटरीचं काम शिकून आला होता, त्याला शेडच्या टोकाची खोली मिळाली. त्या खोलीत तेजाबाचा वास असायचा, आणि शालीकरामचा गर्व असायचा. दुसऱ्याचा वास जास्त येई.

त्याचं काम मी इमानाने सांगतो, कारण कामात तो लबाड नव्हता, निदान सुरुवातीला. दर आठवड्याला विमानातून बॅटरी उतरवायची. बॅटरी म्हणजे एका पेटीत ओळीने बसवलेले सेल, प्रत्येकाचा डबा वेगळा, डब्यात शिशाच्या पाट्या आणि तेजाब. शालीकराम प्रत्येक सेलात काचेची नळी बुडवी, वरचा रबरी फुगा दाबून सोडी, तेजाब वर चढे आणि आतला काटा तरंगे. काटा कुठे थांबतो ते सगळेच बघतात. शालीकराम आणखी तीन गोष्टी बघायचा. चार्जिंगला लावल्यावर कोणता सेल इतरांच्या आधी तापतो, कोणता आधी बुडबुडतो, आणि गेल्या आठवड्यापासून कोणी जास्त पाणी प्यालं. शेवटची खूण त्याला सगळ्यांत पक्की वाटे. "जो जास्त पानी पेते तो आधी जाते," असं म्हणून तो त्या सेलावर लाल रंगाची फुली मारायचा.

फुली मारलेला सेल जायचाच. एकदा उड्डाणाला माणसं बसलेली असताना त्याने बॅटरी काढून खाली ठेवली. कप्तान उत्तरेकडचा, तापट माणूस. त्याने शिव्या दिल्या. शालीकरामने बॅटरीला जाड तारेचं वेटोळं जोडलं, तार लाल झाली आणि बघता बघता विझली. आकाशात हेच झालं असतं तर काय, हे कप्तानाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून तो शेडमध्ये शिरताना हाक मारी, "क्यों शालीक, आज कौन मरेगा?" आणि शालीकराम बोट दाखवी.

आता त्याचा दोष सांगतो. तीन नंबरचा सेल दर दोन-तीन महिन्यांनी जायचा. नवा बसवला तरी तोच जायचा. मी एकदा विमानातल्या पेटीच्या जागेत हात घातला, तर त्या बाजूला गरम हवेची नळी अगदी चिकटून गेलेली. मी म्हटलं, "शालीकराम, सेल वाईट नाई. जागा वाईट हाय."

"कायले जाते ते तुमचं इंजिनवाल्याचं पाहा," तो म्हणाला. "कोनता जाते ते मी सांगतो. माझं काम तेवढंच."

मी नळीवर अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा बसवला. त्याने मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, की तीन नंबर पोळ्याच्या आत जाणार. पोळा जवळ आला तरी सेल आपला ठणठणीत. कप्तान चिडवू लागला, शेडमधली पोरं चिडवू लागली. एका दुपारी मी शेडमध्ये आलो तर तेजाबाच्या वाफेने डोळे झोंबले. शालीकरामने एकट्या तीन नंबरला चार्जिंगवर जोडलं होतं आणि सेल चुलीवरच्या आधणासारखा उकळत होता. मला बघून त्याने तार काढली नाही. संध्याकाळी तो गेलेला सेल हातात घेऊन सगळ्यांना दाखवत फिरला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्याला बॅटरी चालायला नको होती, त्याला अंदाज खरा व्हायला हवा होता.

गावाने त्याला आणखी बिघडवलं. लोक बैल विकत घेताना त्याला नेऊ लागले. मग म्हाताऱ्यांच्या खाटेशी नेऊ लागले. हा जाऊन बसे, माठाकडे बघे, घरच्यांना विचारी, "पानी किती पेते?" आणि उठताना मान हलवी. म्हातारे मरतच असतात, त्याला काय लागतं! पण नाव शालीकरामचं झालं. कामठ्याचा एक म्हातारा त्याने मान हलवल्यावर रागाने पुढे बरीच वर्षं जगला, त्याचं नाव कोणी घेत नसे.

त्याची बायको रुख्मा माझ्या गावची, आमगावजवळची. आमच्या घरापासून तिचं घर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गावाच्या नात्याने ती माझी बहीण. ठेंगणी, कामाला वाघीण आणि बोलायला त्याहून. घरात मूल नव्हतं, पण त्यावरून तिने कोणाला बोलू दिलं नाही. तिच्या हातचं आंब्याचं लोणचं सगळ्या भाऊबंदांत जायचं, आणि ते भरायला तिच्याकडे असे डबे होते जे गोंदियाच्या शेठाणीकडेही नव्हते. बॅटरी पार निकामी झाली की शालीकराम पेटी फोडायचा आणि सेलांचे काळ्या कडक रबराचे डबे घरी न्यायचा. फुटत नाहीत, गंजत नाहीत, मुंगी चढत नाही. रुख्मा ते राखेने घासघासून धुवायची आणि त्यात लोणचं, चिंचेचा कोळ, आंबाडी भरायची. शेजारणींनी मागितले तर शालीकराम म्हणे, "विमानाचे हायेत ते. तुमच्या घरी शोभन का?" नाही दिले, ही त्याच्या हातून झालेली एकुलती एक चांगली गोष्ट.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात रुख्माचं पोट दुखू लागलं. पिळवटून दुखे आणि राही. चेहरा पांढरा पडला. तोंडाला सारखी गोडसर-तुरट चव, ती जावी म्हणून ती पाणी पीत राही. सकाळी भरलेला माठ दुपारीच तळाला जाऊ लागला, आणि माठ कधी रिकामा होतो हे बघणारा माणूस घरातच होता.

शालीकरामच्या थोरल्या भावाच्या, केशोरावच्या, मुलीचं लग्न निघालं. पुरुषांची जेवणं झाली, बायकांची पंगत बसली. आम्ही मांडवाच्या कडेला सुपारी चघळत होतो. रुख्माने पाणी मागितलं. प्यायली. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा तिने नुसता पेला उचलून दाखवला, तेव्हा शालीकराम अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलला, "पाहून घ्या. हा सेल गेला."

लोक हसले. वऱ्हाडी हसले, वाढपी हसले. मग रुख्माने पेला पालथा घातला आणि पत्रावळीवर हात आडवा धरून बसली, तेव्हा हसणं थांबलं. केशोराव म्हणाला, "काऊन रे शालीक, घरच्या बाईले असं बोलून राहिला?"

"मी बोलत नाई, सांगून राहिलो," शालीकराम म्हणाला. "माझा अंदाज आजवर चुकला का?"

मी दुसऱ्याच दिवशी त्याला म्हटलं, हिला गोंदियाच्या दवाखान्यात ने. तो म्हणाला, "डाक्टर का करते? गेलेला सेल भरून येत नाई." मला तेव्हाच कळलं. भर मांडवात बोलून बसला होता. आता रुख्मा बरी झाली असती तर तो खोटा पडला असता. तीन नंबरच्या सेलाशी जो माणूस तसा वागला, तो बायकोशी वेगळा काय वागणार होता? वरून त्याने हिशोब मांडला, की एक गेलेला सेल ठेवला की सगळी बॅटरी बसते, आणि दिवाळीच्या सुमाराला तिला माहेरी धाडायचं ठरवलं. दुसरी करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. तिरोड्याकडची, बोदलकशाच्या तळ्याजवळच्या गावची मुलगी आधीच बघून ठेवली होती.

तिला पोचवायला मीच गेलो, कारण नवऱ्याला त्या दिवशी बॅटरी तपासायची होती. गोंदियाहून गाडी सुटली, ती खिडकीशी टेकली. मग म्हणाली, "गोवर्धनभाऊ, मी मरून राहिली का?"

"नाई बाई."

"मंग मले जित्तेपनी काहाडलं काऊन?"

तिला मरणाची भीती नव्हती. आपलं घर, आपली चूल, आपण घासून चकचकीत केलेली भांडी यांची तिला ओढ होती. आमगाव आल्यावर उतरताना ती म्हणाली, "नवीन येनारीले सांगजो, लोनच्याच्या डब्याईले ऊन दाखोजो म्हनावं. नाई तं बुरसी लागन." मी हो म्हणालो आणि तो निरोप खरोखरच सांगितला. नव्या बायकोने, वच्छलाने, डब्यांना ऊन दाखवलं. लोणचं उत्तम टिकलं.

पुढच्या पावसाळ्यात भाताच्या रोवणीला मी गावी गेलो तर बांधावरून कोणीतरी मला दणकून हाक मारली. रुख्मा. गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी, दंड भरलेले, चेहऱ्यावर रंग. सहा-सात महिन्यांत पोटदुखी आपोआप गेली होती. ना डॉक्टर, ना औषध, भावाच्या घरचं मडक्यातलं अन्न तेवढं. मी धावत येऊन शालीकरामला सांगितलं. मला वाटलं, माणूस आहे, आनंद होईल.

"खोटं हाय ते," तो म्हणाला. "चार्जिंगवरून काढलेला सेलबी वरून चांगला दाखोते. लोड पडू दे, बसते का नाई पाय."

त्याच्या घरी मात्र त्या वर्षीच लोड पडला. वच्छला वीस वर्षांची, हसरी पोर. तिचे वडील श्यामलाल यांनी विमानाच्या कामावरचा जावई म्हणून हौसेने दिलेली. वर्षाच्या आत ती पिवळी पडली, पोट धरून बसू लागली, आणि माठ पुन्हा दुपारीच रिकामा होऊ लागला. दिवस गेले होते, ते मूल मेलेलंच जन्मलं. शालीकराम शेडमध्ये येऊन म्हणाला, "हेबी तशीच निंगाली." जशी काही आसामच्या डेपोने खराब माल पाठवला होता. मी त्या दिवशी त्याला मारायला हवं होतं. मारलं नाही, इंजिनाचं काम होतं.

श्यामलाल गाडी घेऊन आले. मुलीला गादीवर निजवलं, आंदणात दिलेली भांडी एकेक करून गाडीत भरली. शालीकराम दारात उभा राहून म्हणत होता, घेऊन जा, जास्त दिवस नाही. श्यामलालनी त्याच्याकडे बघितलंही नाही. काळे डबे तेवढे घरात राहिले, कारण ते आंदणातले नव्हते. आता घरात तो एकटा. भात स्वतः रांधायचा आणि त्याच्याशी डब्यातलं लोणचं खायचं, दोन्ही वेळा.

छप्पन्नच्या हिवाळ्यात त्याच्या हातून नळी पडून फुटली. आम्ही म्हटलं, चुकून. दुसरी आणली, तीही पडली. मग मी नीट पाहिलं. फुगा दाबायला तो हात उचले आणि मनगट खाली लोंबे. बोटं होती, जोर नव्हता. उजवं आधी, मग डावं. तो पेटीवर वाकून सेलाचा आवाज ऐकू लागला आणि नुसत्या कानाने सांगू लागला, सगळे ठीक आहेत. एका सकाळी सगळे ठीक असलेल्या बॅटरीने इंजिनाचा पंखा अर्धा वळसाही फिरवला नाही. आत शेठचे पाहुणे बसलेले. पोरांनी त्याच दुपारी खुंटीवरच्या त्याच्या खाकी सदऱ्याच्या पाठीवर लाल रंगाची फुली मारली. तो सदरा चढवून संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरला आणि जिथे गेला तिथे लोक का हसतात ते त्याला कळेना. कप्तानाने त्याला पाठमोरं पाहिलं आणि म्हणाला, "आज तो मालूम है, कौन मरेगा." पोरांना कोणी रागावलं नाही. मीही नाही. महिन्याच्या आत कंपनीने त्याला घरी बसवलं.

गोंदियाच्या दवाखान्यात त्याला मी नेलं. हात लोंबत असलेला माणूस तिकीटही काढू शकत नाही. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ उमटलेली होती. काम काय करतोस, विचारलं. मग म्हणाले, शिसं अंगात गेलं आहे. तंबाखू त्याच हाताने मळतोस का? मळायचा. पण एवढ्याने भागत नाही, घरी काही आणतोस का? शालीकराम ताठ बसला आणि त्याने विमानाच्या डब्यांचं वर्णन केलं. त्यात काय ठेवता? लोणचं. चिंच. आंबाडी.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की डबा कितीही घासला तरी शिसं त्याच्या अंगात राहतं, आंबट पडलं की ते सुटतं आणि पोटात जातं. बायकांची पोटं दुखतात, पोरं गर्भात मरतात. घरात आणखी कोणाला काही झालं होतं का?

मला वाटलं, आता हा रडेल. माझेच डोळे भरले होते. रुख्माचा पालथा पेला मला दिसत होता, वच्छलाचं गाडीत निजवलेलं अंग दिसत होतं. शालीकराम माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच महिन्यांनी उजेड पाहिला. "मंजे माझा अंदाज बरोबर होता," तो म्हणाला. "रुख्मा खरंच बिघडली होती ना? मी का म्हनत होतो?"

पुढच्याच आठवड्यात तो म्हणाला, मला आमगावला ने. कारण सापडलं, डबे फेकले, आता रुख्माला आणायला हरकत नाही. जेवू घालायला कोणीतरी हवं होतं, हे तो बोलला नाही. मी नेलं. नेलं ते त्याच्यासाठी नव्हे. तिने त्याला बघावं अशी माझी इच्छा होती.

रुख्माच्या भावांनी ओसरीवर खाट टाकली. पाहुणा कसाही असो, आल्याबरोबर आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. रुख्मा आतून भरलेला लोटा घेऊन आली. तिने त्याच्या लोंबत्या हातांकडे पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं, आणि लोटा त्याच्या पायांपाशी जमिनीवर ठेवला. मग समोर भिंतीला टेकून बसली. भाऊ उठायला लागला, तिने त्याला डोळ्यांनी बसवलं.

शालीकरामने डॉक्टरांचं सगळं सांगितलं. डबे, शिसं, आंबट. शेवटी म्हणाला, "तुयात काई खराबी नोयती. आता तू चांगली चालशीन. चाल घरी."

"मांडोत बोल्ले, तवा इचारलं होतं का, ही कायले पानी पेऊन राहिली?" रुख्मा म्हणाली.

"ते माझं काम नोयतं," तो म्हणाला, आणि मला खात्री आहे, की तो खरं सांगत होता.

मार्चचं ऊन, गाडीचा प्रवास, तोंडाला तीच गोडसर-तुरट चव. त्याने खाली पाहिलं. दोन्ही मनगटांनी लोटा धरायला गेला, लोटा डुगडुगला. मग तो खाटेवरून उतरला, गुडघ्यांवर बसला आणि खाली वाकून तोंड लावून प्यायला, तळापर्यंत, लोटा आडवा होऊन घरंगळेस्तोवर. अंगणातले दोन शेजारी कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. रुख्मा उठली, लोटा आत नेला, काठोकाठ भरून आणला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"आनखी देऊ का?" तिने विचारलं.

त्याची तहान भागली नव्हती. जीभ बाहेर आली, आत गेली. त्याने लोट्याकडे पाहिलं, कुंपणापाशी उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाई," तो म्हणाला. "बस झालं."

रुख्माने पाणी अंगणातल्या लिंबाच्या झाडाला ओतलं आणि कामाला निघून गेली. ती त्या दिवशी पुन्हा ओसरीवर आली नाही.

स्टेशनच्या वाटेवर गावाची विहीर लागते. तिथे तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "गोवर्धन, थोडं पानी काहाड. अना तू तोंड तिकडे कर." मी बादली सोडली, भरून वर घेतली, काठावर त्याच्या तोंडाच्या उंचीवर धरली. तोंड मात्र फिरवलं नाही. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिलो. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि मग चालू लागला. मला त्याची तेव्हा दया आली नाही आणि अजूनही येत नाही. मी बादली ओतून दिली, दोर गुंडाळून ठेवला आणि त्याच्या मागे निघालो, कारण तिकीट मलाच काढायचं होतं.